चेकरबाई आणि भरलेली चाकं

चेकरबाईंच्या हातात कुणी बिस्किटाचा पुडा दिला, तर त्या तो आधी कानाशी धरून हलवायच्या. आत तुकडे झालेत का, हे बघायला नव्हे. पुडा आधी उघडून पुन्हा चिकटवलाय का, हे बघायला. दूधवाल्याने आपणहून "आज सायीचं आहे हं" म्हटलं, की त्यांना वाटायचं, म्हणजे काल पाण्याचं होतं. शेजारीण विनाकारण हसली तरी संशय आणि हसली नाही तरी संशय. लेक म्हणायची, "आई, तू देवाकडेही ओळखपत्र मागशील." त्यावर चेकरबाई म्हणायच्या, "का मागू नये? त्याच्या नावावर कितीजण फिरतात!"

यात त्यांचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शहराच्या बसगाड्यांत तिकिटं तपासण्यात घालवली. मागच्या दाराने चढायचं, गाडी हलेपर्यंत बोलायचं नाही, नुसतं बघायचं. तिकीट असलेल्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. नसलेल्याची मान आपोआप खिडकीकडे वळते. खोटं बोलण्याच्या इतक्या तऱ्हा त्यांनी पाहिल्या होत्या, की खरं बोलणारा भेटला तर त्याच गोंधळायच्या. रडणारे, भांडणारे, झोपेचं सोंग घेणारे, सगळ्यांना त्यांनी पुढच्या थांब्याची वाट न बघता खाली उतरवलं होतं. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. जगात तेवढ्या एका माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नाही, आणि तोच एका दुपारी डेपोतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या, कुणाला काही न सांगता गेला. लेक तेव्हा शाळेत होती. त्यानंतर चेकरबाईंनी कुणावर विश्वास टाकणं जवळजवळ सोडूनच दिलं.

लेक मोठी झाली, नर्स झाली, आणि तिने नवराही स्वतःच शोधला. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. मऊ बोलायचा, खाली मान घालून जेवायचा, जेवण झालं की आपलं ताट आपण विसळायचा. चेकरबाईंच्या मते ही तिन्ही लक्षणं वाईट. "जो काटा सरळ करू शकतो, तो वाकडाही करू शकतो," असं त्या लेकीला म्हणाल्या. लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बोलणी करायला मुलाची आई आली, तेव्हा तर कहरच झाला. बाई टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेली, ताठ मानेची, कोरीव आवाजाची. चहाचा कप तोंडाशी नेताना तिची नजर चेकरबाईंवर पडली आणि कप तसाच खाली आला.

"तुम्हीच त्या!"

"कोण मी?"

"तुम्ही मला बसमधून उतरवलं होतं. ऐन पुलावर. हातात दोन पिशव्या होत्या, सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. आणि माझ्याकडे तिकीट होतं."

चेकरबाईंनी आठवून पाहिलं. काही आठवेना. मग वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर पडलं, "असतं तर उतरवलं नसतं."

झालं! लग्न झालं, पण विहीणबाईंनी त्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. त्यांच्याकडे खोली एकच, म्हणून जावई सासूकडे राहायला आला. जावई म्हणजे दहावा ग्रह, ही म्हण चेकरबाईंना ठाऊक होती; पण हा ग्रह घरातच फिरणार म्हटल्यावर त्यांनी आपल्या कपाटाला नवं कुलूप लावलं. सख्ख्या आईला एकटं टाकून सासूकडे येणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी डाव असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांची नजर रिकामी पडली आणि घरावरच वळली. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची पिशवी त्यांनी जाताना उघडायला लावली. तो माणूस पिशवी उचलून, काम अर्धवट टाकून निघून गेला, आणि त्या गल्लीतला दुसरा कोणीही नळवाला त्यांच्याकडे यायला तयार होईना. नळ गळत राहिला. शेवटी लेक म्हणाली, "आई, तुला तपासायला काहीतरी द्यायलाच हवं," आणि बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तिने एक खेळ घालून दिला.

खेळ शहर वसवण्याचा होता. सुरुवातीला नुसती टेकडी आणि खाली नदी. मग रस्ते काढायचे, घरं बांधायची, पाणी चढवायचं, बेकरी, दवाखाना, शाळा, ट्राम, सगळं आपणच. एकाच शहरात घरातल्या दोघातिघांना मिळून खेळता यायचं, आणि कोणी बघो न बघो, ते शहर आपलं चालूच राहायचं. लेकीचा हेतू उघड होता: सासू-जावयाने मिळून काहीतरी करावं. जावई रात्रीच्या जेवणानंतर बसायचा, चेकरबाई दुपारच्या चहानंतर. चेकरबाईंनी पहिल्याच आठवड्यात शहराच्या वेशीवर तपासणी नाका बांधला. शाळा त्यानंतर.

वीज टेकडीवरच्या पवनचक्क्यांवर चालायची. वारा असला की शहर झगमगायचं, वारा पडला की ट्राम रस्त्यात, पीठ बेकरीत आणि पाणी नदीत. एका रविवारी जावई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"आई, आपण फ्लायव्हील बसवू या." लग्न झाल्यापासून तो त्यांनाही आईच म्हणायचा.

"ते काय असतं?"

"जड चाक. वारा असेल तोवर पवनचक्की त्याला फिरवत राहते. वारा पडला तरी ते एवढं जड असतं की लगेच थांबत नाही. त्याच्या फिरण्यावर मग पंप चालतात, दिवे लागतात. वारा साठवून ठेवल्यासारखंच."

"त्यापेक्षा कोळशाचा ढीग करा. ढीग डोळ्यांना दिसतो. आज एवढा होता, उद्या एवढा उरला. फिरत्या चाकात काय आहे नि काय नाही, कुणी बघायचं? बसचं चाकही फिरतं. म्हणून त्यात काय साठलेलं असतं?"

"असतं ना. म्हणून तर ब्रेक लावावा लागतो."

ड्रायव्हरची बायको असून आपल्याला हे सुचलं नाही याचं चेकरबाईंना वाईट वाटलं नाही. जावयाकडे उत्तर तयार होतं, याचं वाटलं.

चाकांची मोठी शेड उभी राहिली. आत रांगेने जड चाकं, आणि प्रत्येक रांगेवर एक घड्याळासारखी तबकडी: काटा डावीकडे म्हणजे चाकं थांबलेली, उजवीकडे म्हणजे भरलेली. पवनचक्क्या आणि चाकं यांच्यामध्ये एक क्लच. वारा असताना क्लच लावायचा, म्हणजे चाकं फिरतात. वारा पडला की सोडायचा. नाहीतर चाकंच उलट त्या बंद पवनचक्क्यांना फिरवत बसतात आणि सगळी कमाई वाया जाते.

"आणि एक लक्षात ठेवा," जावई म्हणाला, "चाकं आपोआपही थोडी थोडी मंदावतात. घासली जातात ना. कोणी काही वापरलं नाही तरी."

"आपोआप?" चेकरबाईंनी विचारलं. नंतर स्वयंपाकघरात त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "बघ हं. गळती आधीच सांगून ठेवली, की मग चोरी तिच्यात मुरवता येते."

"कसली चोरी, आई? खेळातल्या चाकांची?"

"सवय लहान गोष्टींपासूनच लागते."

त्या शहरात वारा बहुतेक सकाळचा असायचा, तोही धरसोडीचा. जावई कामाला जाण्याआधी क्लच लावून जायचा आणि चेकरबाई दुपारी तो सोडायच्या. मधल्या वेळात वारा येईजाईल, चाकं फिरतील, पुन्हा मंदावतील. त्यामुळे दुपारी काटा साधारण मध्यावर असायचा. चेकरबाईंना तो मध्य पाठ झाला होता.

आणि एका दुपारी काटा पार उजवीकडे.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. चेकरबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वारा अगदीच लहरी होता, तरी चाकं घूं घूं करत भरलेली. बसच्या नोकरीतला नियम त्यांना ठाऊक होता: कंडक्टरच्या थैलीत कमी भरलं तर तो वेंधळा, जास्त भरलं तर चोर. कमीचा हिशेब लागतो. जास्त आलं कुठून, याचा नीट खुलासा सज्जन माणसाला करता येत नाही.

म्हणजे सकाळभर कोणीतरी शहरात बसून होतं. वारा आला की क्लच लावत होतं, गेला की सोडत होतं. हे काम टक लावून बसल्याशिवाय होत नाही. आणि नोकरी असलेला माणूस सकाळभर टक लावून बसत नाही.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जावईबापू, काम बरं चाललंय ना?"

"हो, चाललंय की."

"गर्दी असते दुकानात?"

"असते बऱ्यापैकी."

"चाकं हल्ली छान भरलेली असतात."

जावयाने पाण्याचा पेला उचलला. "वारा चांगला असेल," तो म्हणाला आणि त्याची मान खिडकीकडे वळली.

चेकरबाईंनी ती वळलेली मान बघितली आणि त्यांचा घास गोड झाला.

त्यांनी सापळा लावला. क्लचच्या दांडीपाशी जाणाऱ्या पायवाटेवर एक बाक ठेवला, अगदी वाटेच्या मध्ये. जो येईल त्याला तो हलवावा लागणार. दुसऱ्या दुपारी बघतात तर बाक वाटेच्या कडेला नीट सरकवलेला, आणि त्याच्या मागे एक डेरेदार झाड लावलेलं. बाकावर सावली पडत होती. चेकरबाई कितीतरी वेळ त्या सावलीकडे बघत राहिल्या. आजवर त्यांनी अनेक चोर पाहिले होते, पण बसायच्या जागेवर सावली करून जाणारा चोर त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यामुळे संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. एवढं गोड कोण वागतं? ज्याला काही लपवायचंय तोच.

रात्री त्यांनी जावयाच्या बुटांचे तळवेही पाहिले. झिजले होते. म्हणजे चालत तरी होता कुठेतरी. लेकीला सांगावं की नाही, याचा त्यांनी बराच विचार केला. नोकरी सुटली असेल, तर पोरीला धक्का बसेल. नोकरी सुटलेली नसेल, तर धक्का आपल्याला बसेल. शेवटी त्यांनी ठरवलं, तपासणी आपणच करायची.

लेकीच्या सुट्टीचा दिवस बघून त्यांनी सकाळीच स्वयंपाकघरातला छोटा काटा घेतला, त्याचा एक स्क्रू सुरीच्या टोकाने सैल केला, काटा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि जावई काम करायचा त्या दुकानाच्या रस्त्याला लागल्या.

दुकान बंद असेल, अशी त्यांची खात्री होती. दुकान उघडं होतं. फळकुटावर भाजीवाल्यांचे मोठमोठे काटे उलटे पडले होते, काचेच्या पेटीत औषधवाल्यांचे नाजूक काटे होते, ट्रेमध्ये वजनं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एखाद्या कुटुंबासारखी उभी होती. आणि मधोमध जावई, दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा उघडून, दोन्ही हात मनगटापर्यंत त्याच्या पोटात घालून बसला होता. हात तेलाने काळे.

"आई? तुम्ही इथे?"

"काटा बिघडलाय," चेकरबाई म्हणाल्या. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. कॉम्प्युटर नाही. फोन वर खुंटीला अडकवलेल्या कोटाच्या खिशात. त्यांनी आपला फोन काढून घरी लावला. लेकीने उचलला.

"पडद्याकडे बघ. चाकांचा क्लच कसा आहे?"

"आई, तू कुठे आहेस?"

"बघ म्हणते ना!"

थोडा वेळ गेला. "सुटलेला आहे. नाही, थांब. आत्ता लागला! वारा आलाय आणि क्लच लागला. आई, तू लावलास?"

"ठेव फोन."

जावयाचे दोन्ही हात अजून त्या काट्याच्या पोटात होते. म्हणजे शहरात तिसरंच कोणीतरी होतं. बसमध्ये करायच्या तेच चेकरबाईंनी केलं. समोर उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. चांगले चांगले गडी या बघण्यापुढे टिकले नव्हते. जावयाने एक स्क्रू फिरवला, पुन्हा उलटा फिरवला, आणि मग त्याने हात बाहेर काढले.

"आई आहे," तो म्हणाला.

"मी इथे उभी आहे."

"तुम्ही नाही. माझी आई."

मग सगळं बाहेर आलं. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जिने उतरणं बंद. खोलीला खिडकी एक, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. जावई कामाला जाता जाता रोज त्यांच्याकडे डोकावायचा, म्हणून तर बूट झिजले. बाई दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसते हे त्याला सोसेना, तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप तिला नेऊन दिला आणि शहर उघडून दिलं.

"तिला सांगितलं, शहर माझं एकट्याचं आहे. तुमचं नाव काढलं असतं तर तिने हात लावला नसता."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

जावयाने कापडाला हात पुसले. "तुम्ही नाका बसवला असता."

चेकरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. खोटं ते खोटंच. दोन्ही आयांना फसवणारा माणूस घरात आहे, म्हणजे आपण कपाटाला कुलूप लावलं ते योग्यच केलं. काटा त्याच्यापुढे ठेवून त्या बाहेर पडल्या. लेकीला हे आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

घरी जायच्या ऐवजी त्या विहीणबाईंच्या घराकडे वळल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गुन्हा जिथे घडतो तिथे जाऊन बघायचं, एवढं त्यांना माहीत होतं. जिना अंधारा आणि उंच होता. वरच्या मजल्यावर दार वाजवलं, तर आतून काठीचा ठक ठक आवाज यायला खूप वेळ लागला. दार उघडलं. विहीणबाई वाळल्या होत्या, पण मान तशीच ताठ.

"तुम्ही? इथेही तपासायला आलात?"

"हो," चेकरबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

खोली लहान पण लख्ख होती. पलंग, टेबल, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. इस्त्रीची फळी पलंगाच्या उंचीला खाली करून तिच्यावर लॅपटॉप ठेवला होता, आणि त्याच्यावर ते शहर. त्यांचं शहर. टेकडी, ट्राम, नाका. दुसऱ्याच्या घरात आपल्या घरचा टॉवेल वाळत घातलेला दिसावा, तसं चेकरबाईंना झालं.

"हे शहर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मुलाचं. का?"

"कसा काय चालवतो?"

"सकाळी ठीक असतं, मी असते ना. दुपारी मात्र काय करतो कोण जाणे. वारा चांगला चालू असताना कोणी वेंधळ्यासारखं येऊन क्लच सोडून टाकतं. थांबून बघायचं म्हणून नाही. भरलेली चाकं तशीच मंदावत राहतात. आणि वेशीवर तो नाका! माणसं रांगेत उभी राहून म्हातारी होतात."

"वेंधळा नाही," चेकरबाई म्हणाल्या. "वेंधळी. मी."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग शहराकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "म्हणजे बाकसुद्धा तुमचा?"

"माझाच."

"मला वाटलं, माझ्या मुलाने ठेवला. भर वाटेत, भर उन्हात! त्याला लहानपणापासून अक्कल नाही, म्हणून मी झाड लावलं."

विहीणबाईंनी बसा म्हटलं नव्हतं, तरी चेकरबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. तिकिटाचा विषय निघणारच होता आणि तो विहीणबाईंनीच काढला.

"माझ्याकडे तिकीट होतं."

"मग दाखवलं का नाही?"

"हातमोज्यात गेलं होतं. घरी जाऊन मोजा काढला तेव्हा पडलं. तुम्ही शोधू कुठे दिलंत? पुलावर उतरवलंत. वारा असा होता की पिशव्या धरवत नव्हत्या."

हातमोजा. चेकरबाईंनी लाख सबबी ऐकल्या होत्या. हातमोजा त्यातली जुनीच. त्यांनी विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मान खिडकीकडे वळली नाही. पण खिडकीत भिंतच होती, तेव्हा त्यावरून काही ठरत नव्हतं. त्यांना खरं खुपलं ते वेगळंच. एवढी ताठ बाई, एवढा कोरीव आवाज, आपल्या हाताखालून गेली आणि आपल्याला आठवतसुद्धा नाही. किती जणांना उतरवलं, की त्यातली ही एक पुसूनच गेली?

"असेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"असेल नाही. होतं."

"बरं, होतं म्हणा."

हे 'म्हणा' विहीणबाईंना लागलं असतं, पण तेवढ्यात शहराने दोघींना हाक मारली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल दिवा लागला. वारा पडला होता. नेहमीसारखा धरसोडीचा नव्हे. टेकडीवरची एकूण एक पवनचक्की हात लोंबकळत उभी.

"क्लच सोडा!" चेकरबाई ओरडल्या.

"सोडलाय केव्हाच. मला शिकवू नका."

आता सगळं शहर चाकांवर. काटे उजवीकडून निघाले. दोघी लॅपटॉपवर वाकल्या.

"ट्राम बंद करा," विहीणबाई म्हणाल्या. "सगळ्यात जास्त तीच खाते."

"ट्राम बंद नाही होणार. माणसं थांब्यावर उभी आहेत."

"चालत जातील."

"कोण चालत जाईल? म्हातारी माणसं?"

"मला पुलावरून चालत पाठवताना विचार केला नव्हतात तो!"

चेकरबाईंनी स्वतः हात पुढे करून ट्राम बंद केली. मग बाजाराचे दिवे. मग बेकरी. शाळेवरून पुन्हा खडाजंगी झाली आणि शाळा अर्धी चालू ठेवण्यावर तडजोड निघाली. नाका बंद करायला चेकरबाई तयार नव्हत्या, पण तिथले दिवे मालवू दिले. वारा काही येईना. काटे डावीकडे सरकत गेले, एकेक रांग थांबत गेली, टेकडीखालचा भाग काळा पडत गेला. उरले फक्त दवाखाना आणि पाण्याचा पंप, आणि चाकांची शेवटची रांगही गळाठली.

"संपलं," चेकरबाई म्हणाल्या.

पण दवाखान्याचे दिवे गेले नाहीत.

त्या वाट बघत राहिल्या. दिवे लागलेलेच. पंप चालूच. शेडमधलं एकही चाक फिरत नव्हतं. हा तोच वास, कंडक्टरच्या जास्त भरलेल्या थैलीचा. त्यांनी हळूच मान वळवली. विहीणबाई एकदम औषधांच्या बाटल्या सरळ करायला लागल्या होत्या. त्या आधीच सरळ होत्या.

चेकरबाईंनी नकाशा फिरवला. टेकडी वळली, नदी वळली, आणि टेकडीच्या मागच्या अंगाला, जिथे कोणी कधी बघायला जात नाही, तिथे झाडांच्या आडोशाला एक छोटी शेड दिसली. आत चाकांची एक अख्खी रांग गरगर फिरत होती.

"लपवलीत?"

"तुमच्यापासून नाही. तुम्ही आहात हे मला कुठे माहीत होतं? मुलापासून लपवली. त्याच्या हाती काही उरत नाही, आज मिळालं की आज खर्च. एक रांग त्याला न सांगता बाजूला ठेवली."

जन्मभरात चेकरबाईंनी पकडलेल्या लोकांमध्ये त्यांना कुणाचं कौतुक वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि त्याचाच त्यांना धक्का बसला. विहीणबाईंच्या काठीशेजारी ठेवलेली किटली त्यांनी उचलली, विचारल्याशिवाय चहा ठेवला, आणि पत्तीच्या डब्याचं झाकण उघडल्यावर सवयीने वास घेऊन बघितला. विहीणबाईंनी ते बघितलं.

"ताजी आहे," त्या म्हणाल्या.

"मी कुठे काही म्हटलं?"

चहा होईतो वारा सुटला. आधी एक पवनचक्की हलली, मग बाकीच्या. दोघींचे हात एकदमच क्लचकडे गेले आणि एकमेकींवर आपटले.

त्यानंतर गोष्टी फार गोड झाल्या असं कोणी समजू नये. चेकरबाई आठवड्यातून दोनतीनदा त्या जिन्याने वर जातात, सफरचंदं नेतात, आणि प्रत्येक वेळी भांडून येतात. गुडघा सुधारला तेव्हा विहीणबाई एकदा या घरी आल्या, सगळ्या खोल्या बघितल्या, पडद्यांना नावं ठेवली, आणि गळणाऱ्या नळाखाली बादली भरून वाहताना बघून म्हणाल्या, "हे कोणी दुरुस्त करत नाही का?" लेकीने आईकडे बघितलं. जावयाला आता क्लचला हात लावायची मनाई आहे. त्याने फक्त बागा आणि कारंजी करायची, तीही दोघींना विचारून. तो लेकीला म्हणतो, "पूर्वी मला एकच आई तपासायची." त्याचा दुसरा काहीतरी डाव असणार, असं दोघींना अजूनही वाटतं, आणि या एका बाबतीत त्यांचं कधी दुमत होत नाही.

दोघींनी सकाळ-दुपार वाटून घेतली आहे. वारा उठला की विहीणबाई फोन करतात. "सुटलाय हो," त्या म्हणतात.

चेकरबाई फोन कानाला तसाच धरून आधी पडद्यापाशी जातात, पवनचक्क्या नीट निरखून बघतात आणि मगच म्हणतात, "हो. सुटलाय."